भित्तिपत्रकाचे मोल कोण देणार?

एखाद्या वस्तूची किंमत शून्य आहे असे बाजाराने एकदा ठरविले की, ती वस्तू निरुपयोगीच असली पाहिजे असे समाजही हळूहळू मानू लागतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात उपयोगिता-मूल्य आणि विनिमय-मूल्य यांतील भेद शिकविला जातो, तो हा भ्रम दूर व्हावा म्हणूनच. पाण्यावाचून जीव जातो, तरी ते स्वस्त. हिऱ्यावाचून कोणाचेही अडत नाही, तरी तो महाग. ॲडम स्मिथने मांडलेले हे कोडे आता जुने झाले असले, तरी आपल्या नाक्यानाक्यावर ते नव्या रूपात उभे आहे. उपयोजित कलेची पदवी घेऊन दर वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना त्याची झळ बसत आहे, आणि ज्या नगरात ही मुले वाढली त्या नगरालाही ती बसत आहे. दुसऱ्या गोष्टीकडे आपले लक्ष अद्याप गेलेले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मीरा-भाईंदर हे नगर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. मिठागरे, भातशेती आणि उत्तन, पाली, चौक येथील कोळीवाडे ही एके काळी ज्या टापूची ओळख होती, तेथे १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात असलेली वस्ती २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजारांवर पोहोचली. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक वाढ! मुंबईत घर परवडत नाही म्हणून येथे आलेला नोकरदार, गुजराती आणि मारवाडी व्यापारी, भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी घडविणारे कारखानदार व कामगार, उत्तर भारतातून आलेला श्रमिक आणि या सर्वांच्या आधीपासून येथे असलेले आगरी, कोळी व ख्रिस्ती बांधव अशी ही मिश्र वस्ती आहे. इतक्या भिन्न भाषा बोलणाऱ्या आणि इतक्या वेगाने वाढलेल्या नगराला स्वतःच्या नागरिकांशी बोलावे कसे, हा प्रश्न सौंदर्याचा नव्हे, कारभाराचा आहे.

त्याच नगरातील नोकरदार घरांतून गेल्या काही वर्षांत चित्रकलेकडे वळणाऱ्या मुलांची संख्या लक्षात येण्याइतकी झाली आहे. शाळेत असताना एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्यायच्या, बारावीनंतर प्रवेश परीक्षा द्यायची आणि मग चार वर्षे खांद्यावर भली मोठी फाइल व हातात कागदाची गुंडाळी घेऊन चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये शिरायचे, असा हा मार्ग आहे. १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि १९५८ मध्ये त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. पवईच्या आय. आय. टी.त १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले. २०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. शिक्षणाची बाजू अशी दीर्घ परंपरेची आणि बऱ्यापैकी भक्कम आहे. पुरवठा वाढावा म्हणून शासनाने आणि समाजाने जे करावयाचे ते पुष्कळ अंशी केले. मागणीचे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

या शिक्षणाचे अंतिम वर्ष म्हणजे प्रकल्पाचे वर्ष. अक्षरांकन, सुलेखन, रेखाटन, छायाचित्रण, मुद्रणतंत्र, संगणकावरील मांडणी असे जे जे सुटे सुटे शिकविले गेले, ते एका विषयाभोवती एकत्र आणून दाखवायचे असते. विषय निवडायचा, तो कोणाला सांगायचा आहे हे ठरवायचे आणि मग भित्तिपत्रके, पुस्तिका, बोधचिन्ह, वृत्तपत्रातील जाहिरात अशी संपूर्ण मोहीम उभी करायची. प्रस्तुत लेखक चित्रकलेचा जाणकार नाही. परंतु परिचयातील एका विद्यार्थिनीचे असे काम पाहण्याचा योग अलीकडे आला आणि त्यातील विचाराने तो थक्क झाला. विषय होता रेल्वेचे रूळ ओलांडणाऱ्या प्रवाशांचा. रक्त, कवटी किंवा यमराज यांपैकी काहीही तिच्या आठ भित्तिपत्रकांत नव्हते. स्थानकावर उभे राहून तिने लोकांना प्रश्न विचारले होते, आणि रूळ ओलांडणाऱ्याला धोका ठाऊक नसतो असे नव्हे, तर जिना चढण्यातली मिनिटे त्याला वाचवायची असतात, असे तिच्या ध्यानात आले होते. म्हणून तिची सारी चित्रे त्या मिनिटांविषयीच होती. वाचविलेल्या तीन मिनिटांत माणूस घरी जाऊन नेमके काय करतो, एवढेच त्यांत दाखविले होते: कोणी चपला काढतो, कोणी दूरचित्रवाणीचे बटण दाबतो, कोणी गॅसवर चहाचे आधण ठेवतो. वैकल्पिक त्याग ही संकल्पना वर्गात समजावून देताना आम्हा अध्यापकांना तास पुरत नाही. ती येथे एका कागदावर, एका ओळीत उतरली होती.

या कामाचे पुढे काय झाले? परीक्षकांनी गुण चांगले दिले. चार दिवस ते प्रदर्शनात लागले. नंतर गुंडाळी होऊन कपाटावर गेले. आणि ती मुलगी जवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक जुळविण्याच्या कामावर लागली. हे उदाहरण अपवादात्मक असते तर त्यावर वृत्तपत्राची जागा खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु कलाशिक्षण घेतलेल्या कोणत्याही मुलाच्या घरी विचारावे. कपाटावरची ती गुंडाळी बहुधा तेथेही सापडेल.

फ्लेक्सच्या दुकानाचे अर्थकारण समजून घेतल्यावाचून हा प्रश्न उलगडत नाही. तेथे दर चौरस फुटाने सांगितला जातो आणि ‘डिझाइन फ्री’ अशी पाटी दाराशीच असते. वास्तविक मांडणी करणाऱ्या मुलाला दुकानदार पगार देतो, म्हणजे ती फुकट नसतेच. तिचा खर्च छपाईच्या दरात मिसळलेला असतो. दोन वस्तू एकत्र बांधून एकाच किमतीला विकल्या की, त्यांतील एकीची किंमत ग्राहकाच्या नजरेआड होते. ग्राहकाला वाटते की आपण कापड आणि शाई विकत घेतली. मग चित्र चांगले की वाईट, अक्षर वाचता येते की नाही, याबद्दल तो तक्रार तरी कशाला करील? फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत, हे आपल्याला लहानपणापासून शिकविलेलेच आहे. दुकानदाराच्या बाजूने पाहावे तर मांडणीवर घालविलेला प्रत्येक तास हा त्याचा निव्वळ तोटा. तेव्हा जुन्याच साच्यात नवा चेहरा चिकटवून दहा मिनिटांत फलक यंत्रावर चढविणे हेच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. या व्यवहारात कोणीही दुष्ट नाही. प्रत्येकजण आपापल्या परीने योग्य तेच करतो, आणि त्या सर्वांची बेरीज म्हणून आपल्याला बकाल नगर मिळते.

ही बकाली निरुपद्रवी असती तर डोळे मिटून चालता आले असते. परंतु तिचा खर्च तिसराच कोणी भरीत असतो. अर्थशास्त्र याला बाह्य परिणाम म्हणते. सार्वजनिक जागा विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे. बेकायदा फलकांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली सविस्तर आदेश दिले. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीच्या फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरीही २०१८ च्या ऑक्टोबरात पुण्याच्या जुन्या बाजारातील चौकात जाहिरातफलकाचा सांगाडा कोसळून चौघांचा बळी गेला, आणि १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर १२० फूट लांब व तितकाच उंच फलक पडून १७ जणांनी प्राण गमावले. मोठा फलक आणि रस्त्यावरचा फ्लेक्स यांची जात एकच नाही, हे मान्य. परंतु दोहोंच्या मागे एकच समजूत उभी आहे: सार्वजनिक जागा ही ज्याचा आवाज मोठा त्याची. तिच्यावर काय लिहावे आणि कोणासाठी लिहावे, हा प्रश्न विचारणारा कोणी नाही.

पूर्वी सारे आलबेल होते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तरीही या महाराष्ट्रात भिंतीवरच्या चित्राला दाम आणि मान दोन्ही होते, याची नोंद घेतली पाहिजे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतःच्या हाताने घडवीत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक आज भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील मोलाचा ऐवज मानले जाते. २०२० साली दिवंगत झालेले कमल शेडगे मराठी नाटकांची शीर्षके अशी काही रेखाटीत की, वृत्तपत्रातील जाहिरातीतले ते अक्षर पाहूनच प्रेक्षकाला नाटकाची जात कळे. आणि ही झाली नामवंतांची गोष्ट. नाव नसलेला, दुकानांच्या पाट्या रंगविणारा गावोगावचा पेंटरही आपल्या अक्षराचे पैसे मागत असे आणि गिऱ्हाईक ते देत असे, कारण त्याच्यापुढे अक्षर काढणारा हात दिसत होता. छपाईयंत्राने तो हात दृष्टीआड केला. यंत्राने श्रम स्वस्त करावेत, ही प्रगतीच होय. परंतु येथे यंत्राने केलेली बचत पाहून विचाराची किंमतही शून्य धरली गेली. त्या पेंटरचा धंदा बुडाला आणि त्याच्या जागी येऊ घातलेल्या पदवीधराला धंदा मिळालाच नाही.

बाजार असा वागतो म्हणून त्याला दोष द्यावा, तर शासनाचे वर्तन तरी काय निराळे आहे? रुपयाचे चिन्ह आपण रोज लिहितो. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केलेले हे चिन्ह डी. उदय कुमार यांचे. ते तेव्हा पवईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात संशोधक विद्यार्थी होते. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ घालून शिरोरेषेची आठवण देणारे हे चिन्ह एका विद्यार्थ्याने देशाला दिले, हे विद्यार्थी काय करू शकतात याचे उत्तम प्रमाण आहे. त्यांना अडीच लाख रुपयांचे पारितोषिक मिळाले. परंतु त्या स्पर्धेसाठी तीन हजारांहून अधिक चिन्हे आली होती. बाकीच्यांच्या श्रमाचे मोल काय झाले? २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाला गांधीजींच्या चष्म्याचे बोधचिन्ह मिळाले, ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे. नोटांवर, शौचालयांवर, कचरागाड्यांवर सर्वत्र झळकणाऱ्या या चिन्हासाठी पारितोषिक होते ५० हजार रुपये. विजेत्यांना त्याचा सार्थ अभिमान वाटला असेल आणि तो वाटावाच. परंतु धोरण म्हणून पाहावे तर प्रत्येक खुली स्पर्धा ही हजारो जणांकडून विनामूल्य श्रम घेऊन एकाला बक्षीस देणारी सोडत असते. पूल बांधताना आपण शंभर अभियंत्यांकडून शंभर पूल बांधवून घेत नाही आणि त्यांतील एकाचेच पैसे चुकते करीत नाही. चित्राच्या बाबतीत मात्र हीच रीत आपल्याला लोकशाहीची वाटते.

कायद्याविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण या मुलांना ते बहुधा कोणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचा पहिला हक्क सामान्यतः तिच्या कर्त्याचा असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर, तसा निराळा करार नसेल तर, मालकाचा हक्क येतो. मोबदला घेऊन केलेले रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र अशा काही प्रकारांनाही अपवाद आहेत. पण हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. आणि अशा लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची व क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. म्हणजे ‘जरा एक डिझाइन करून दे, नाव होईल’ असे सांगून घेतलेले काम कायमचे आपले झाले, असे मानणाऱ्याची समजूत कायद्याला धरून नाही. आपल्या महाविद्यालयांतील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला रंगांचे चक्र पाठ असते, पण साधे देयक कसे लिहावे, करारात कोणती चार कलमे असावीत, आपल्या एका दिवसाच्या श्रमाचा खर्च कसा मोजावा, हे ठाऊक नसते. एखादा विक्रेता स्वतःच आपल्या मालाची किंमत सांगायला लाजू लागला, तर ग्राहकाने ती आपणहून वाढवावी ही अपेक्षा व्यर्थ आहे.

इतके लिहिल्यावर दुसरी बाजूही स्पष्टपणे मांडली पाहिजे. सगळेच प्रकल्प वर उल्लेखिलेल्या कामाच्या तोलाचे असतात असे नाही. विषयांची पुनरावृत्ती कंटाळा येण्याइतकी असते: झाडे वाचवा, पाणी वाचवा, धूम्रपान टाळा. पुष्कळ प्रकल्प तर एखाद्या गर्भश्रीमंत कंपनीच्या काल्पनिक जाहिरातीचे असतात; त्या कंपनीला त्यांची गरज नसते आणि ती ते पाहतही नाही. मथळे इंग्रजीत, कारण परीक्षकावर त्याची छाप पडते. देवनागरी अक्षर आलेच तर संगणकात जे सापडेल ते. ज्याच्यासाठी चित्र काढायचे त्या माणसाची गाठही न घेता ते पूर्ण होते. परंतु हा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. ज्याला खरे गिऱ्हाईक कधी भेटलेच नाही, तो काल्पनिक गिऱ्हाइकासाठी काम करणार. दुसरे काय करील? प्रकल्प पोकळ असतात म्हणून कोणी काम देत नाही आणि कोणी काम देत नाही म्हणून प्रकल्प पोकळ राहतात. हे दुष्टचक्र कोठे तरी तोडावे लागेल, आणि ते तोडण्याचे सामर्थ्य विद्यार्थ्यापेक्षा नगराकडे अधिक आहे.

हे अन्यत्र घडले आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या प्रसिद्धीचे काम १९०८ मध्ये फ्रँक पिक यांच्याकडे आले. त्यांनी स्थानकांच्या भिंती चांगल्या चित्रकारांना मोबदला देऊन खुल्या केल्या, एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडून खास अक्षरवळण घडवून घेऊन ते १९१६ पासून वापरात आणले, आणि १९१५ साली मॅकनाइट कॉफर नावाच्या पंचविशीतल्या परक्या तरुणाला काम दिले. तोच पुढे भित्तिपत्रकांच्या कलेतला थोर मानकरी ठरला. महामंदीच्या काळात अमेरिकी शासनाने १९३५ ते १९४३ या वर्षांत बेकार चित्रकारांना वेतन देऊन आरोग्य, सुरक्षितता व शिक्षण या विषयांवरची भित्तिपत्रके करवून घेतली. आणि आम्हा अर्थशास्त्राच्या मंडळींना अधिक जवळचे उदाहरण म्हणजे व्हिएन्नाचे ऑटो न्यूराथ. अर्थशास्त्राचे अभ्यासक असलेल्या या गृहस्थांनी १९२५ साली समाज व अर्थव्यवहार यांचे संग्रहालय उघडले आणि पुढे गर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराच्या साहाय्याने घरे, मृत्युदर, रोजगार यांचे आकडे साध्या चित्रचिन्हांत कामगारांपुढे मांडले. आकडा समजला तरच नागरिक वाद घालू शकतो, अशी त्यांची धारणा होती. आपल्याकडेही कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण १९६० च्या दशकात दीप त्यागी यांच्या पुढाकाराने खेडोपाडी पोहोचला. अक्षरओळख नसलेल्यालाही त्याचा अर्थ कळे. तेव्हा ही कल्पना परदेशी आहे, असा आक्षेप घेता येणार नाही.

मीरा-भाईंदरपुरते बोलायचे तर आणखी एक धागा आहे, तो भाषेचा. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरी लिपीत असाव्यात यासाठी राज्याने २०२२ साली कायदा दुरुस्त केला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आणि २०२५ च्या जुलैत याच नगराने भाषेच्या प्रश्नावरून देशभर गाजलेले मोर्चे पाहिले. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु कायदा पाटीवर देवनागरी आणू शकतो. ती देवनागरी वाचनीय आणि देखणी करणे कायद्याच्या हाती नाही. आज कित्येक पाट्यांवरचे मराठी जोडाक्षरे फुटलेले, मात्रा सरकलेले असते. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ तेथे क्वचितच दिसतो. ‘मंगल’ हा संगणकावरील सर्वपरिचित देवनागरी टंक घडविणारे र. कृ. जोशी याच मुंबईत शिकवीत होते, त्यांच्या परंपरेत तयार झालेली मुले येथून रोज लोकलने जातात-येतात, आणि तरीही आपल्या पाट्यांची ही अवस्था असावी, हे खेदजनक होय. परभाषिक शेजाऱ्याला मराठीची गोडी लागावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी सुंदर मराठी पाटीचे सामर्थ्य कमी लेखू नये.

मग करावे काय? प्रस्तुत लेखकाची सूचना साधी आहे. महानगरपालिकेने दर वर्षी, समजा, बारा विषय निश्चित करावेत: पावसाळ्यातील डेंग्यू, ओला व सुका कचरा, रुळांवरील अपघात, उत्तनच्या मासळी बाजारातील सोयी, घोडबंदरचा आणि चौकचा किल्ला, नळाच्या पाण्याचे वेळापत्रक, मालमत्ताकरातून उभ्या राहणाऱ्या रुपयाचा हिशेब. हे विषय कलामहाविद्यालयांना अंतिम वर्षाचे प्रकल्प म्हणून द्यावेत, आणि ते खुल्या स्पर्धेने नव्हे, तर निवडलेल्या विद्यार्थ्याला आगाऊ ठरलेल्या मोबदल्यावर द्यावेत. एका विषयाला २५ हजार रुपये धरले तर बारांचे ३ लाख होतात. तेवढीच रक्कम कागदावरील छपाईला आणि तेवढीच कायम स्वरूपाच्या सूचनाफलकांना लागली, तरी एकूण ९ लाख. आठ लाखांवर वस्तीच्या नगराला हा खर्च माणशी जेमतेम एक रुपया पडतो. करार लेखी असावा, हक्काची मुदत त्यात लिहिलेली असावी, आणि प्रत्येक भित्तिपत्रकाच्या कोपऱ्यात करणाऱ्याचे नाव असावे. आरेखन छापण्यापूर्वी ज्यांच्यासाठी ते आहे त्यांना दाखवावे. उत्तनच्या कोळिणीला ते कळले नाही तर ते परत करावे. आणि त्यावर कोणाही नगरसेवकाचे, आमदाराचे वा अधिकाऱ्याचे छायाचित्र नसावे.

शेवटची अट ऐकून काहींना हसू येईल. शासकीय जाहिरातींतील छायाचित्रांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घातलेली मर्यादा २०१६ मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल व मंत्री यांच्यासाठी सैल करावी लागली, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही अट घालणे आवश्यक आहे, कारण एकदा चेहरा आला की संदेश मागे पडतो. दुसरा आक्षेप असा येईल की, जेथे रस्ते आणि पाणी पुरत नाही तेथे चित्रांची चैन कशाला? वस्तुतः हा खर्च त्या कामांच्या विरुद्ध नाही, त्यांना पूरक आहे. कचरा वेगळा करण्याची व्यवस्था उभारून ती नागरिकाला समजलीच नाही, तर त्या व्यवस्थेवरील खर्च वाया जातो. तिसरा आक्षेप सर्वांत आधुनिक: आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात चित्र काढून देते, मग विद्यार्थी हवेत कशाला? चित्रांची टंचाई आजही नाही, म्हणून चित्रे आणखी स्वस्त झाल्याने प्रश्न सुटणार नाही. टंचाई आहे ती कोणाला काय सांगायचे हे स्थानकावर उभे राहून शोधून काढणाऱ्या माणसाची. यंत्र वापरायचे असेल तर त्या माणसाने ते खुशाल वापरावे. परंतु जे यंत्र हजारो चित्रकारांच्या कामावर पोसले गेले, त्याचे नाव पुढे करून त्याच चित्रकारांना फुकट राबण्याचा उपदेश करणे न्यायाला धरून नाही.

महाविद्यालयांनीही आपला वाटा उचलावा. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला खरे गिऱ्हाईक असलेच पाहिजे, मग ते भाईंदरचा भांड्यांचा कारखाना असो, मच्छीमारांची सहकारी संस्था असो की एखादे प्राथमिक आरोग्य केंद्र. भाईंदरच्या कारखान्यातले भांडे चांगल्या वेष्टनात आणि स्वतःच्या नावाने विकले गेले, तर त्याला मिळणारा जादा भाव हा त्या वेष्टन करणाऱ्याच्या श्रमाचे उघड माप ठरेल, आणि पुढच्या वर्षी कारखानदार स्वतः होऊन त्या मुलाला बोलावील. बाजाराला मोल शिकवावे लागते. ते त्याला आपोआप कळत नाही. पहिला धडा सार्वजनिक संस्थेने दिला तर पुढचे धडे बाजार स्वतः गिरवितो, असा अनुभव आहे.

ज्या पालकांनी कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन मुलांना या शिक्षणाला पाठविले, त्यांना आपण आज काय उत्तर देणार आहोत? मूल हुशार होते, शिक्षणही चांगले मिळाले, पण त्याच्या कामाची नगराला गरज नव्हती, असे? ते खरे नाही. गरज भिंतीभिंतीवर दिसते आहे. नाही ती फक्त तिचे पैसे चुकते करण्याची तयारी. महानगरपालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात प्रसिद्धीच्या शीर्षाखाली जी रक्कम धरली जाईल, तिच्यातील एक लहानसा हिस्सा या कामासाठी राखून ठेवावा, आणि पहिल्या बारा विषयांची यादी पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी महाविद्यालयांकडे जावी, एवढीच आमची मागणी आहे.